नंबर काढणे वेगळे, डोळे तपासणे वेगळे

पुण्यात चष्म्याचे दुकान शोधावे लागत नाही. लक्ष्मी रस्त्यापासून हिंजवडीपर्यंत ती जागोजागी आहेत आणि अनेक ठिकाणी यंत्रापुढे हनुवटी टेकवली की पाच-दहा मिनिटांत नंबर काढून मिळतो, तोही पुष्कळदा विनामूल्य. या सोयीतून एक समज मात्र घट्ट रुजला आहे, तो असा की नंबर काढला म्हणजे डोळे तपासून झाले. माझ्या वडिलांचा चष्मा सहा वर्षांत तीनदा बदलला. प्रत्येक वेळी दुकानात नंबर निघाला, प्रत्येक वेळी त्यांनी समोरच्या पाटीवरची खालची ओळ न अडखळता वाचली, आणि त्याच सहा वर्षांत काचबिंदूमुळे, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू निकामी करणाऱ्या रोगामुळे, त्यांच्या उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली. काचबिंदूत मधली नजर बराच काळ शाबूत राहत असल्यामुळे पाटी वाचता येते, पण बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही. आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराने बरोबर दिले होते; आम्ही दुसरा प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

म्हणून प्रश्न दोन आहेत हे आधी लक्षात घ्यावे. मला किती दिसते, हा पहिला. माझा डोळा आतून निरोगी आहे का, हा दुसरा. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि लेझर ही तिन्ही फक्त पहिल्या प्रश्नाची उत्तरे आहेत.

तपासणी कोणी, कधी आणि कशी करावी

मुलांची पहिली तपासणी शाळेत घालण्यापूर्वी, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षी करून घ्यावी. एका डोळ्याला मोठा नंबर असेल तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे धूसर चित्र बाजूला सारून दुसऱ्यावर विसंबतो आणि पहिला डोळा ‘आळशी’ होतो. मूल तक्रार करत नाही, कारण त्याला एका डोळ्याने उत्तम दिसत असते. यावर चष्मा आणि चांगला डोळा रोज काही तास झाकणे हा उपाय आहे, आणि तो सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाल्यास सर्वांत गुणकारी ठरतो. तिरळेपणाही मोठेपणी आपोआप जाईल अशी वाट पाहू नये. ‘तिरळे डोळे म्हणजे भाग्याचे’ असे म्हणणारी वडीलधारी माणसे अजून आहेत, त्यांचा मान राखून मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, काही त्रास नसला तरी, दर दोन वर्षांनी पूर्ण तपासणी करावी. आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, किंवा स्वतःला उणे सहाच्या वर नंबर असेल, तर दरवर्षी करावी. मधुमेह असणाऱ्यांना यात निवडीला वाव नाही. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि पुढे किमान वर्षातून एकदा दृष्टिपटल, ज्याला आपण बोलीत ‘मागचा पडदा’ म्हणतो, तपासून घ्यावाच लागतो, कारण पडद्यावरच्या रक्तवाहिन्या खराब होत असताना सुरुवातीला नजरेत काहीही फरक जाणवत नाही.

पूर्ण तपासणी म्हणजे काय, हे माहीत असले की ती झाली की नाही ते आपले आपल्याला कळते. प्रत्येक डोळ्याची नजर वेगळी पाहिली जाते. ती ६/६ असे लिहिलेली आढळते; नेदरलँड्सचे नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या तक्त्यावरून आलेली ही पद्धत आहे. ६/१८ याचा अर्थ, सामान्य नजरेच्या माणसाला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येते ते वाचायला आपल्याला ६ मीटरवर यावे लागते. त्यानंतर नंबर, मग स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याचा पुढचा भाग, मग डोळ्यातील दाब, जो साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो, आणि शेवटी थेंब टाकून बाहुली मोठी करून मागचा पडदा आणि डोळ्याची नस. ही शेवटची पायरी घाईत वगळली जाते, आणि माझ्या वडिलांच्या बाबतीत नेमकी तिचीच गरज होती. दाब ‘नॉर्मल’ निघाला म्हणून काचबिंदू नाही असेही ठरत नाही. नस पाहावीच लागते.

थेंब टाकल्यावर चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड खुपतो. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवावी, सोबत कोणीतरी न्यावे आणि गॉगल विसरू नये. जाताना जुना चष्मा, जुन्या चिठ्ठ्या, चालू औषधांची यादी आणि मधुमेह असल्यास साखरेचे अलीकडचे अहवाल बरोबर घ्यावेत. खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी ससून रुग्णालयाचा नेत्रविभाग आहे, आणि हडपसरजवळ महंमदवाडीला पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय आहे.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरी एक गोष्ट सहज करता येते. महिन्यातून एकदा, चष्मा लावून, आळीपाळीने एकेक डोळा तळहाताने झाका आणि भिंतीवरचे कॅलेंडर पाहा. रकान्यांच्या रेषा वाकड्या दिसत असतील, मधोमध डाग दिसत असेल किंवा एका डोळ्याने रंग फिके वाटत असतील, तर लगेच वेळ घ्यावी. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकून टाकतो.

चष्म्याची चिठ्ठी आणि चष्मा

चिठ्ठीवर उजव्या आणि डाव्या डोळ्यापुढे तीन आकडे असतात. स्फेरिकल हा मूळ नंबर. उणे चिन्ह असेल तर लांबचे धूसर, अधिक असेल तर डोळ्याला, विशेषतः जवळचे पाहताना, जास्त ताण. शंभरला नंबराने भागले की उणे नंबरवाल्याला चष्म्याशिवाय किती सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसते ते कळते: उणे दोन म्हणजे ५० सेंटिमीटर, उणे चार म्हणजे २५. दुसरा सिलिंडर आणि तिसरा त्याचा अक्ष; बुबुळाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसल्यामुळे हा नंबर लागतो. चाळिशीनंतर ‘ॲड’ असा, जवळचे वाचण्यासाठी वाढवलेल्या नंबरचा, चौथा आकडा येतो. याशिवाय दोन बाहुल्यांमधले अंतर चिठ्ठीवर लिहून मागावे. ते चुकले तर नंबर बरोबर असूनही डोके दुखते, आणि चष्मा ऑनलाइन मागवणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते.

नंबर लवकर लवकर बदलत असेल तर नवा चष्मा करण्यापूर्वी कारण विचारावे. रक्तातील साखर वरखाली होत असली की डोळ्यातील भिंगाला सूज येऊन नंबर हलतो. अशा वेळी साखर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय चष्मा करणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ऐन विशीत सिलिंडरचा नंबर वाढत असेल तर बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येणारा केराटोकोनस नाही ना, हे पाहावे लागते, आणि डोळे सतत चोळण्याची सवय या रोगाला हातभार लावते. उलट साठीनंतर आजोबा एक दिवस चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचू लागले आणि घरात कौतुक झाले, तर ते बहुधा मोतीबिंदूचे पहिले लक्षण असते.

चाळिशी हा शब्द आपल्या भाषेने वयावरून चष्म्याला दिला आणि तो अगदी नेमका आहे. भिंगाची लवचीकता या वयापर्यंत इतकी कमी होते की वाचताना पुस्तक दूर धरावे लागते. हे सर्वांना होते. व्यायामाने ते थांबत नाही आणि चष्मा लावल्याने वाढतही नाही. रस्त्यावर मिळणारा तयार चष्मा वाचायला वापरला तर डोळे बिघडत नाहीत, पण त्यात दोन्ही बाजूंना एकच नंबर असतो, सिलिंडर नसतो, आणि तो घेतला की तपासणी लांबणीवर पडते. प्रोग्रेसिव्ह काचा, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या, घेतल्यास पहिले पंधरा दिवस जिना उतरताना मान वाकवून, काचेच्या वरच्या भागातून पायरीकडे पाहावे. दिवसभर संगणकावर काम असेल तर पडद्याचे अंतर मोजून न्यावे; त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करणे मला प्रोग्रेसिव्हपेक्षा सुखाचे वाटले.

दुकानात ‘ब्लू कट’, म्हणजे पडद्याचा निळा प्रकाश अडवणाऱ्या, काचांचा आग्रह होतो. २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा या काचांमुळे संगणकावर काम करताना डोळ्यांचा ताण कमी होतो असे आढळले नाही. ते पैसे चांगल्या प्रतिबिंबरोधक थरावर खर्च करावेत, आणि मुलांसाठी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचांवर. नंबर मोठा असेल तर १.६७ सारख्या जास्त अपवर्तनांकाच्या पातळ काचा घ्याव्यात. उणे दोनला त्यांची गरज नाही. काच शर्टाच्या टोकाने किंवा पदराने पुसू नये, आधी पाण्याने धूळ काढावी.

मुलांचा वाढता नंबर

मुलांमध्ये उणे नंबर वाढतो तो नेत्रगोल लांब होत गेल्यामुळे, आणि लांब झालेला गोल पुन्हा आखूड होत नाही. त्यामुळे नंबर नुसता चष्म्याने भरून काढत राहण्यापेक्षा त्याची वाढ मंदावणे महत्त्वाचे ठरते. रोज सुमारे दोन तास मोकळ्या उजेडात घालवणाऱ्या मुलांना उणे नंबर लागण्याचे प्रमाण कमी असते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. पर्वती चढणे, सारसबागेत धावणे किंवा सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळणे, काहीही चालेल. दिवसाचा उजेड हवा. शाळा आणि शिकवणी यांच्यामध्ये ही वेळ सापडत नाही अशी पालकांची तक्रार असते, आणि ती खरी आहे, पण एखादी शिकवणी कमी करता येते. वाचताना पुस्तक कोपर ते मनगट इतक्या तरी अंतरावर धरावे. वर्षाला पाऊण-एक नंबर वाढत असेल तर अगदी कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब किंवा नंबर रोखण्यासाठी बनवलेल्या खास काचा यांविषयी बालनेत्रतज्ज्ञांना विचारावे. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन डोळ्याला ‘सवय’ लावण्याचा जुना प्रकार करू नये; त्याने वाढ थांबत नाही.

गाजर, शेवग्याचा पाला, पपई आणि पालेभाज्या यांतून मिळणारे जीवनसत्त्व अ रातांधळेपणा टाळते. चष्म्याचा नंबर त्याने उतरत नाही. बाळाच्या डोळ्यात काजळ, मध किंवा तूप घालू नये.

कॉन्टॅक्ट लेन्स

लेन्सबाबत एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळावा: लेन्स आणि पाणी यांची गाठ पडू देऊ नये. नळाच्या पाण्यात, पोहण्याच्या तलावात आणि टाकीत अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो, तो लेन्सखाली अडकला तर बुबुळाला अत्यंत वेदनादायक जखम करतो आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून आंघोळीपूर्वी लेन्स काढावी, हात साबणाने धुऊन कोरडे करूनच तिला हात लावावा, डबीतले द्रावण रोज बदलावे आणि डबी दर तीन महिन्यांनी फेकून द्यावी. लेन्स लावून झोपू नये. दुचाकीवर लेन्स लावून जाताना हेल्मेटची काच खाली असू द्यावी. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना, की लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि चष्मा कायम जवळ असावा, म्हणजे ‘लेन्स काढली तर घरी कसा जाऊ’ हा प्रश्न उरत नाही.

लेझर, आणि त्याआधी विचारायचे प्रश्न

लग्न ठरताना किंवा पोलीस आणि सैन्यभरतीच्या आधी लेझरचा विषय निघतो आणि मग सगळ्यांनाच घाई असते. या शस्त्रक्रियेत एक्सायमर लेझर बुबुळाच्या पारदर्शक भागाची, म्हणजे पारपटलाची, वक्रता बदलतो. आसपास उष्णतेची इजा न करता हा लेझर प्राणिज ऊती कोरू शकतो, हे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत पाहिले, तेही सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की या पक्ष्याच्या मांसाच्या तुकड्यावर.

पारपटलाची मध्यभागी जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते, आणि एक नंबर उतरवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन खर्ची पडतात. आपण पात्र आहोत की नाही हे या हिशेबावर ठरते. लॅसिकमध्ये वरचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर देतात आणि पापुद्रा परत बसवतात. नजर दुसऱ्या दिवशीच बरीच सुधारते. पीआरकेमध्ये पापुद्रा नसतो, फक्त वरची पेशींची त्वचा काढतात. तीन-चार दिवस दुखते आणि नजर स्थिरावायला काही आठवडे लागतात, परंतु पातळ बुबुळासाठी आणि कुस्ती-कबड्डीसारख्या खेळांत डोळ्याला मार बसण्याची शक्यता असणाऱ्यांसाठी ती अधिक सुरक्षित असते. स्माइल पद्धतीत आतल्या आत एक चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून काढून घेतात. नंबर फार मोठा किंवा बुबुळ फार पातळ असेल तर आयसीएल नावाची लेन्स बाहुलीमागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे, बसवतात. ती गरज पडल्यास काढता येते.

लेझर करून घेणाऱ्याचे वय १८ पूर्ण, आणि शक्यतो विशीच्या पुढे असावे. वर्षभरात नंबरात ०.५० हून अधिक फरक पडलेला नसावा. गरोदरपण किंवा स्तनपान चालू नसावे. डोळे फार कोरडे नसावेत आणि केराटोकोनसची शंकाही नसावी. मोजमापांपूर्वी मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त काळ बंद ठेवावी लागते, कारण लेन्स बुबुळाचा आकार तात्पुरता बदलते. डॉक्टरांना विचारावे की माझ्या बुबुळाची जाडी किती, शस्त्रक्रियेनंतर किती उरेल, बुबुळाच्या वक्रतेच्या नकाशात काही संशयास्पद आहे का, आणि तुम्ही मला ‘नको’ म्हणाल असे काही कारण आहे का. सगळ्यांना सगळे चालते असे सांगणाऱ्या ठिकाणी दुसरे मत घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर काही महिने कोरडेपणा आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे सामान्य आहे. द्रुतगती मार्गावर रात्री गाडी चालवणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा.

दोन गोष्टी लेझरने बदलत नाहीत. एक म्हणजे चाळिशी, ती तिच्या वेळी येतेच. दुसरी म्हणजे लांबट नेत्रगोल: उणे आठचा डोळा चष्म्याविना ६/६ पाहू लागला तरी त्याचा पडदा पूर्वीइतकाच ताणलेला आणि फाटण्याची भीती असलेला राहतो, त्यामुळे दरवर्षीची पडद्याची तपासणी सुटत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची मोजमापे घरात जपून ठेवावीत. तीस वर्षांनी मोतीबिंदूच्या वेळी कृत्रिम भिंगाचा नंबर काढताना ती कामी येतात.

मोतीबिंदू

मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याची गरज आता नाही. उलट तो फार कडक झाला की शस्त्रक्रिया अवघड होते. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की ती करावी. थेंबांनी तो विरघळत नाही. शस्त्रक्रियेत साधे मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराचे, भिंग बसवल्यास लांबचे स्वच्छ दिसते आणि वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलने, म्हणजे अनेक अंतरांच्या भिंगाने, चष्म्याची गरज कमी होते, पण रात्री वलये दिसतात आणि अंधूक उजेडात नजर थोडी कमी पडते. काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असणाऱ्यांनी मल्टिफोकलचा मोह टाळावा. वडिलांसाठी आम्ही साधे भिंग निवडले.

रोजच्या सवयी

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्याकडे पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण बरेच कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, पापण्या मुद्दाम पूर्ण मिटाव्यात, संगणकाचा पडदा नजरेच्या किंचित खाली ठेवावा आणि वातानुकूलनाचा झोत तोंडावर येऊ देऊ नये. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते; २०२३ च्या जुलैत आळंदी परिसरात ती मोठ्या प्रमाणावर पसरली होती. ती नजरेने पसरत नाही, हातांनी आणि टॉवेलने पसरते. या वेळी दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते, लाली लगेच उतरते, म्हणून लोक ती बाटली वर्षानुवर्षे वापरतात आणि त्यातून काचबिंदू व मोतीबिंदू ओढवून घेतात. विसर्जन मिरवणुकीतील लेझरच्या झोताकडे थेट पाहू नये. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात अशा झोतांवर बंदी घातली होती, ती विनाकारण नव्हे.

थांबू नये असे प्रसंग

डोळ्यापुढे अचानक चमका आणि काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटले, तर डोळ्याचा मागचा पडदा सुटत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी दाखवावे. डोळा लाल होऊन तीव्र दुखणे, ओकारी आणि दिव्यांभोवती रंगीत वलये ही दाब एकाएकी वाढल्याची चिन्हे आहेत, आणि ती पित्त समजून दुर्लक्षिली जातात. फटाका किंवा दगड लागून डोळ्याला जखम झाली असेल तर डोळा धुऊ नये, चोळू नये, दाबू नये. वर कागदी पेला उपडा ठेवून, चिकटपट्टीने हलकेच बसवून रुग्णालयात न्यावे.

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना लहान मुलांच्या डोळ्यात चुना उडतो, तेव्हा मात्र उलट करावे. आधी रुग्णालयाकडे धावू नये. पापण्या बोटांनी ताणून उघड्या धराव्यात आणि मूल कितीही रडले तरी नळाच्या स्वच्छ पाण्याची मंद धार वीस-तीस मिनिटे सतत सोडावी, पापणीच्या आत अडकलेले कण ओल्या कापडाच्या टोकाने टिपून काढावेत, आणि मगच निघावे. चुन्याची ती पुडी खिशात घालून बरोबर न्यावी, म्हणजे डोळ्यात काय गेले ते डॉक्टरांना विचारत बसावे लागत नाही.